दोन कोरे चौकोन

चाकण,
९ जून २०२४

अक्का,

अक्षर ओळखलं असशील. चौथीपर्यंत तूच माझा हात धरून गिरवून घेतलंस, तेव्हा ते वाईट असेल तर निम्मा दोष तुझा. एकतीस वर्षांनी बहिणीला पहिलं वाक्य काय लिहायचं ते सुचेना, म्हणून चेष्टा केली. माझी खोड तुला माहीत आहे.

पत्ता कसा मिळाला ते आधी सांगतो, नाहीतर तू त्याच विचारात राहशील. चाकणला माझ्या दोन शेड आहेत. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढतो. सहा प्रेस, बावीस माणसं. त्यात दत्तोबा म्हणून औशाकडचा एक ऑपरेटर आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत तो बायकोशी फोनवर बोलत होता, "लेकराचं कुसुमताईला सांग की. पुण्याकडच्या हायत्या त्या, पुनावळे का काय. त्या बघतेत समदं." शेजारी प्रेस धडधडत होती, दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. मला आलं, त्यात आपलं पुनावळे होतं. पत्रा कापणारी डाय बोथट झाली की प्रेसचा आवाज बदलतो, तो मला ऑफिसात बसून कळतो. माणसाचं बोलणं काय घेऊन बसलीस. मग दत्तोबाला चहा पाजून सगळं काढून घेतलं. औशाला अपंग मुलांच्या वसतिगृहात तू वीस वर्षं आहेस, मुलं तुला ताई म्हणतात, तुझ्या हातचं खाल्ल्याशिवाय दोन-तीन जण जेवत नाहीत.

नंबरही घेतला. तीनदा लावला. "मी सोपान" म्हटलं की तू ठेवतेस. म्हणून हे रजिस्टर पत्र. याला सही करावीच लागते.

इकडचं काय सांगू. आपल्या ज्वारीच्या रानात आता बावीस मजली सोसायटी उभी आहे आणि विहीर होती तिथं पोहायचा तलाव. आई गेली तेव्हा लातूरला एका ऐकीव पत्त्यावर तुला तार केली होती, तू आली नाहीस. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही आणि बोलणार नाही.

आता काम. शेखरचा मुलगा, माझा नातू संघर्ष सव्वादोन वर्षांचा आहे. जरा अशक्त आहे. पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी घराण्याचा तक्ता काढून आणायला सांगितलाय. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ, पोरांना उभी. गेलेल्यावर तिरकी काट. आजार असलेला सगळा काळा करायचा. मला म्हणाल्या, "जमेल का काका?" मी म्हटलं, मॅडम, आमची आणि देहूकरांची सोयरीक सोनबा आज्यापासून मला तोंडपाठ आहे, त्यातली अकरा लग्नं तर मीच जमवलीत. आमची आई देहूची, माझी बायको देहूची, माझी बहीण देहूला दिलेली. मॅडम पेन खाली ठेवून बघतच राहिल्या.

भाट यायचा तेव्हा त्याच्या वहीतून वडील वंशावळ वाचून घ्यायचे, आठवतं? त्या वहीत लेकी नसायच्या आणि लहानपणी गेलेली पोरं नसायची. मॅडमना नेमकी तीच हवीत.

तुझ्या दोघा पोरांचे हॉस्पिटलचे जुने कागद तुझ्याकडे असले तर झेरॉक्स पाठव. नसले तरी चालेल. घाईचं असं काही नाही.

तुझा,
सोपान


चाकण,
२६ जून २०२४

अक्का,

पोचपावती आली. 'कुसुम' मधल्या 'क'चा पाय अजून तसाच लांब ओढतेस. ती गुलाबी पावती पाकिटात घालून ठेवलीय. एकतीस वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली गोष्ट.

मागच्या पत्रात घाईचं काही नाही म्हणालो, ते खोटं होतं. अशक्त म्हणालो, तेही.

संघर्ष सव्वा वर्षाचा झाल्यावर चालायला लागला. मला आजोबाच्या आधी "आवाज" म्हणायला शिकला, कारण मी घरी आलो की "कोण आवाज करतंय रे?" म्हणून ओरडायचो. या फेब्रुवारीत एका सकाळी मी पेपर वाचत होतो, तो मागच्या खोलीतून येत होता. दिसत नव्हता, फरशीवर पावलं वाजत होती. एक नीट पडत होतं, दुसरं घासत होतं. टप, स्स. टप, स्स. मी पेपर खाली ठेवला. हा आवाज मी देहूला तुझ्या ओसरीवर ऐकला होता. घरात बाकीच्यांना एप्रिलमध्ये कळलं, पोरगा भिंत सोडेना तेव्हा. मला त्या सकाळीच कळलं होतं. मी कुणाला बोललो नाही.

आता तो उभा राहत नाही. बसवला तर बसतो.

दुसरं सांगायचंय ते तुला आवडणार नाही. शेखरची बायको विजयश्री ही तुझ्या नवऱ्याची, मालोजीची मुलगी. तुला पाठवल्यावर पुढच्या वर्षी त्यानं बीडकडची बायको केली, तिची ही थोरली. शेखरच्या मामाची मुलगी म्हणून माझ्या दुर्गानं ती पाळण्यातच मागून ठेवली होती. मालोजी आणि मी दोघं एकमेकांना दाजी म्हणायचो, तुझ्या-दुर्गाच्या साटंलोट्यानं ते दोघांचंही बरोबर होतं. आता वर व्याही झालो. एका माणसाशी तीन नाती. तक्त्यात तिथं रेघा इतक्या एकावर एक येतात की मॅडमनी मला वेगळ्या रंगाचं पेन दिलं.

पोरगी गुणी आहे, अक्का. तुझा तिच्यावर राग असेल तर तो तिच्या बापाच्या नावावर लिही.

तिला चौथा महिना लागलाय. मॅडम म्हणतात, आधी नवराबायकोच्या रक्ताचा रिपोर्ट हवा, त्याला तीन आठवडे जातात, मग गर्भाचं पाणी तपासायचं, त्यालाही वेळ हवा. उशीर झाला तर काही हातात राहत नाही. आणि घरात कुणी रक्त देऊ देत नाही. दुर्गा म्हणते पोरावरनं वारं गेलंय, सुया टोचून पोटातलंही घालवाल. मालोजी परवा येऊन गेला.

"रगत कशाला द्यायचं? रिपोर्टवर लिवून आलं की झालं, उद्या आमच्या पोरी कोन करंल?" म्हणाला.

"दाजी, नातू तुमचाही हाय," मी म्हटलं.

"म्हनूनच सांगतो. आमच्या घराण्यात असलं काय न्हवतं कदी."

हे तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, अक्का. ज्यानं स्वतःच्या दोन पोरांना खांद्यावरून नेलं तो. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "खरंय." शेखर आईच्या तोंडाकडे बघत बसला.

ते गेल्यावर स्वयंपाकघरातून दुर्गाचा आवाज आला, शेजारणीला सांगत होती, "सुनेचा पायगुन. दुसरं काय म्हनावं?" मधे मोरीत विजयश्री भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

तक्ता मी मॅडमना दिला. तुझ्या दोघांचे चौकोन काढलेत, काटही मारलीय. पण ते कोरे ठेवले. मॅडमनी विचारलं, हे कशानं गेले? मी म्हटलं, त्या काळी पोरं जायची.

तुझे कागद आले तर मी ते पुढं करीन. कागद बोलला की माणसाला बोलावं लागत नाही. टपालानं नको वाटलं तर दत्तोबा गावी येणार आहे, त्याच्याजवळ दे.

सोपान


चाकण,
८ जुलै २०२४

अक्का,

तुझं कार्ड आलं. दोन वाक्यं. "कागद तुझ्याकडे आहे. मुलांची नावं लिही."

शेडमध्ये सगळ्यांसमोर वाचलं. तोंडावर काही दिसू न देण्याची सवय आहे, धंद्यात लागते. मग मोटारीत जाऊन बसलो.

हो. कागद माझ्याकडे आहे. लोखंडी कपाटात, खालच्या खणात, शेडच्या पहिल्या वीजजोडणीच्या पावतीखाली. तुला ते आठवत नसेल अशी मी आशा धरून होतो. कसली आशा, बघ.

तुला जे माहीत नाही ते आता लिहितो.

धाकटा गेल्यावर तू मला तो कागद दिलास, तुला परत पाठवायच्या बैठकीच्या तीन दिवस आधी. इंग्रजी होता. मी तेव्हा भोसरीला हेल्पर होतो, मला नट-बोल्टपुरतं इंग्रजी यायचं. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला दाखवला. त्यानं दोनदा वाचून मराठीत सांगितलं. आई-वडील नात्यातले. आजार दोन्ही घराण्यांतून आलेला, एकट्या आईकडून येत नाही. या दोन घराण्यांत पुन्हा लग्न करू नये. "तुमचं लग्न कुणाशी झालंय?" त्यानं सहज विचारलं. मी सांगितलं. त्यानं कागद घडी करून परत दिला.

शेखर तेव्हा भिंत धरून उभा राहायला लागला होता.

बैठक देहूला त्यांच्या ओट्यावर होती. तू आत बायकांत होतीस. दाराआड तुला कुणीतरी म्हणालं, "कबूल कर बाई, तुझाच दोष म्हन, सुटशील." आणि तू म्हणालीस, "माझा सोपान वाचतो इंग्रजी. तो वाचील." तू हळू बोललीस. ओट्यावरच्या तेरा माणसांपैकी ते फक्त मला ऐकू आलं.

साटंलोट्याचा रिवाज तुला सांगायला नको. एक लेक परत आली की दुसरी परत पाठवायची. तुला ते पाठवणार हे ठरलेलंच होतं. दोष दोन्ही घरांचा निघाला असता तर वडिलांना दुर्गाला पाठवावं लागलं असतं, आणि ज्या रस्त्याकडेच्या तुकड्यावर मी नोकरी सांभाळून पहिली सेकंडहँड प्रेस उभी केली होती तो दुर्गाच्या बापाचा होता. दोष एकट्या तुझा निघाला तर मात्र वडील मान खाली घालून म्हणू शकत होते, आमची पोरगी वाईट निघाली, तुमची आम्ही ठेवतो. एवढं गणित मी ओट्यावर बसल्याबसल्या केलं. माझं गणित पहिल्यापासून चांगलं.

मालोजी म्हणाला, "वाच सोपान."

मी उभा राहून म्हणालो, "कागदात काही नाही. पोरं अशक्त होती, एवढंच लिवलंय."

 मी आतल्या दाराकडे कान देऊन होतो.

दुपारी ट्रंक घेऊन तू फाट्यावर चालत गेलीस. मी जीप घेऊन मागून आलो, माहेरी चल म्हणालो. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "शेखर चालायला लागला का?" मी म्हटलं, लागेल. तू लातूरच्या एसटीत चढलीस. तुझं त्या गावात कुणी नव्हतं.

त्या प्रश्नाचा अर्थ मला घरी पोचल्यावर कळला. तुला कागदातलं माहीत होतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं तुला आधीच सांगितलं असणार. तुला फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं.

मग शेखरचं लग्न का होऊ दिलं, असं तू विचारशील. मामाची मुलगी करायला कारण लागत नाही, नाकारायला लागतं. माझ्याकडे एकच कारण होतं आणि ते कपाटात होतं. तिची आई बाहेरची आहे, म्हणजे रक्त निम्मं बदललं, शेखरही धडधाकट, असं मी स्वतःला समजावलं. लग्नात मी नाचलो, अक्का. गुडघा दुखत असताना.

नावं लिहायला पेन टेकवलं होतं. तेवढ्यात बाहेर ट्रक लागला, माल भरायचा होता.

सोपान


पुनावळे,
१५ जुलै २०२४

अक्का,

हे पत्र घरातून लिहितोय. लपवायचं आता काही उरलं नाही.

काल रविवारी मालोजीला बोलावलं. दुर्गा, शेखर, विजयश्री सगळे पुढच्या खोलीत. संघर्ष उशीला टेकून बसला होता, झाकणं एकात एक घालत होता. मी कपाटातून कागद आणला. घडीवर फाटलाय, तीन तुकडे झालेत. आधी इंग्रजी वाचला, मग मराठीत सांगितलं. दोनदा.

मालोजी म्हणाला, "येवढ्या वर्सांनी काय उकरतो रं? त्या वक्ताला तूच म्हनालास ना, कागदात काय न्हाई?"

"म्हणालो. खोटं बोललो."

"मंग आता खरं कशावरनं?"

 मी कागद त्याच्या हातात दिला. त्याला इंग्रजी येत नाही, पण वरची नावं त्यानं बोटानं शोधली. एकावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. नंतर चपला घालून तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला, गाडीत बसला नाही, गेलाही नाही. तासभर तिथंच उभा होता.

मला वाटलं होतं दुर्गा ओरडेल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अवो, तुमी त्या वक्ताला शेखरचं पाय रोज दाबून बगायचा. मी आयाबायांना सांगायची, बापाची माया कशी असती बगा."

शेखरनं ते ऐकलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

विजयश्री मला मामा म्हणते. तिनं विचारलं, "मामा, माझं लग्न ठरलं तेव्हा हा कागद कुठं होता?"

"कपाटात."

"तुम्हीच म्हणाला होता, घरातलीच पोरगी आहे, बघायचं काय तिच्यात?"

"म्हणालो होतो."

"फेब्रुवारीत याचं पाऊल घासायला लागलं, तेव्हा तुम्ही पेपर खाली ठेवला होतात. मी दारात उभी होते. तेव्हाही कागद तिथंच होता?"

मला वाटायचं या घरात कान फक्त मलाच आहेत.

ती उठली, पायात चपला घातल्या आणि शेखरला म्हणाली, "चल. रक्त देऊन येऊ." रविवारी लॅब बंद असते असं दुर्गा म्हणाली. तेवढाच एक विरोध झाला. आज सकाळी सातला दोघं देऊन आली.

रात्री जेवताना तिनं तुझा पत्ता मागितला. मी दिला. तुझी परवानगी घेतली नाही.

सोपान


पुनावळे,
३० ऑगस्ट २०२४

अक्का,

तुला विजयश्रीकडून कळलं असेलच. तरी माझ्याकडूनही कळलं पाहिजे.

दोघांच्या रक्तात निघालं. मग पाण्याची तपासणी. त्यातही निघालं. मॅडम म्हणाल्या, असं चारात एकदा होतं. आमच्या वाट्याला दोनात दोन आलं.

बाविसावा आठवडा होता. मॅडम शेखरला बाजूला घेऊन बोलत होत्या. मी बाकावर होतो, बऱ्यापैकी लांब. त्या म्हणाल्या, "जूनमध्येच हिस्टरी कळली असती तर हिला इतकं सोसावं लागलं नसतं. आता प्रसूतीसारखंच होईल." जूनमध्ये मी त्यांना सांगितलं होतं, त्या काळी पोरं जायची.

एकवीस तास लागले. मुलगी होती. विजयश्रीनं बघायला मागितलं. दुर्गा नको नको म्हणत होती, तरी तिनं बघितलं.

घरी आल्यावर बाराव्या दिवशी तिनं बॅग भरली. संघर्षचे कपडे, त्याची झाकणं, मॅडमनी दिलेले पायाचे पट्टे. म्हणाली, आत्याकडे जाते, औशाला. तुला आत्या म्हणते ती. नात्यानं पाहिलं तर बापाची पहिली बायको. मी तक्त्यात शोधलं, यासाठी रेघ नाही. "अशी मुलं कशी सांभाळायची ते त्यांना येतं," एवढंच बोलली. मी मोटार काढतो म्हणालो. शेखर म्हणाला, "तुम्ही नका." दीड महिन्यात तो माझ्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द. त्यानंच नेऊन सोडलं.

जाताना संघर्षला मी कडेवर घेतलं. मान माझ्या खांद्यावर टाकून माझ्या कानात बोट घालत होता. "आवाज," म्हणाला.

घरात आता फार शांत आहे. या घरात मला ऐकण्यासारखं काही राहिलेलं नाही.

सोपान


पुनावळे,
२२ सप्टेंबर २०२४

अक्का,

मागच्या पत्राची पोचपावती आली. सही विजयश्रीची आहे. म्हणजे टपाल आता तिच्या हातात पडतं. तूच तिला घे म्हणालीस की तू घेत नाहीस म्हणून तिनं घेतलं, ते पावतीवरून कळत नाही. मी विचारतही नाही. हे पत्र ज्या कुणाच्या हातात पडेल तिनं वाचावं.

मॅडमकडून तक्ता परत आणला. ज्यांच्या रक्तात आहे पण अंगावर दिसत नाही, त्यांचा चौकोन किंवा गोल अर्धाच काळा करायचा असतो. मालोजी अर्धा, शेखर अर्धा, तू अर्धी, विजयश्री अर्धी. शेखरला ते माझ्याकडून आलं की दुर्गाकडून, ते तपासणीशिवाय कळणार नाही, म्हणून मॅडमनी आमच्या दोघांवर प्रश्नचिन्ह काढलं. परवा मी माझं रक्त देऊन आलो. सुई टोचताना लॅबमधली पोरगी म्हणाली, "काका, तुम्हाला या वयात कशाला?"

मी जमवलेली अकरा लग्नं तक्त्यावर लाल केली. सात जोडप्यांना मुलं आहेत, दोघींना दिवस आहेत, एक जोडपं नुकतंच लागलंय. अकरावं अजून व्हायचंय. आपल्या चुलतभावाची, आबाजीची मुलगी सायली. ती देहूला दिलीय, मार्गशीर्षातली तारीख धरलीय. तिथूनच सुरुवात केली.

काल सकाळी गेलो. आबाजी अंगणात गाडी पुसत होता. मला बघून हसला.

"या, या सोपानराव! मध्यस्थ आला म्हंजे मानपानाचं काय तरी काढलं वाटतं देहूकरांनी."

"मानपानाचं न्हाई. लग्न थांबवा म्हणायला आलोय. निदान दोघांचं रक्त तपासून घ्या, मग ठरवा."

फडकं त्याच्या हातातच राहिलं. "पत्रिका छापायला टाकल्यात. तुमच्या घरात झालं म्हनून आमच्या घरात व्हतंय व्हय? तुमच्या मुलाचं आन् सुनेचं पटत न्हाई म्हनं, ती माहेरी गेली म्हनं. लोक काय काय बोलत्यात आमाला."

"माहेरी गेली न्हाई. कुसुमकडं गेली."

तुझं नाव त्या अंगणात एकतीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. आबाजीची बायको दारातून आत गेली. सायली मात्र बाहेर आली. केस ओले, हातात कंगवा. तिनं विचारलं, "कुसुमआत्याची मुलं कशानं गेली?"

"तू आत जा," आबाजी म्हणाला. ती गेली नाही.

"तुमीच सांगितलं व्हतं ना बैठकीत," आबाजी मला म्हणाला, "मी व्हतो तिथं ओट्यावर, माझ्या कानानं ऐकलंय. कागदात काय न्हाई म्हनाला व्हता. मंग आता कशाला आनलाय तो?"

मी चष्मा लावला. तिन्ही तुकडे तक्त्याच्या पाठीवर चिकटवून नेले होते. सायलीनं पुढं येऊन एक कोपरा धरला, वारा होता. मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.

रणजीत मालोजी, वय वर्षं सहा. दिग्विजय मालोजी, वय वर्षं चार. आईचं नाव कुसुम.

 आबाजी म्हणाला, "बास झालं आता."

मी पुढची ओळ वाचली.

सोपान